वर्किंग हॉलिडे व्हिसा : ‘तीन आठवडे’ मोजताना या चुका टाळा

तरुणांना ठरावीक काळ परदेशात राहून काम करू देणाऱ्या ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसांपैकी ब्रिटनच्या ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’च्या अर्जावर साधारणपणे तीन आठवड्यांत निर्णय मिळतो, हे खरे आहे. मात्र त्या भरवशावर नोकरीचा राजीनामा देणारे किंवा विमानाचे तिकीट काढून ठेवणारे उमेदवार हे तीन आठवडे नेमके कोणत्या दिवसापासून मोजायचे, हे पाहायला विसरतात. ऑनलाइन अर्ज पाठवला त्या दिवसापासून नव्हे, तर व्हिसा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि छायाचित्र देऊन, कागदपत्रे सादर केल्यानंतर ही मुदत सुरू होते. त्याआधीची तयारी कित्येकदा निर्णयापेक्षा जास्त वेळ घेते आणि ती बव्हंशी अर्जदाराच्याच हातात असते.

१८ ते ३० वयोगटातील पदवीधर भारतीयांना या योजनेखाली दोन वर्षे ब्रिटनमध्ये राहून काम करता येते आणि वर्षाला ३,००० जागा ठेवलेल्या असतात. ऑस्ट्रेलियाने आपला ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा (उपवर्ग ४६२) भारतीयांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून खुला केला. त्याच्या वर्षाला १,००० जागा असून मुक्काम एक वर्षाचा असतो. दोन्हीकडे निवड सोडतीने होते.

सोडत म्हणजे अर्ज नव्हे

म्हाडाच्या सोडतीत नाव लागले म्हणून घराची चावी लगेच हातात पडत नाही, पात्रतेची छाननी पुढे होतेच. येथेही तसेच आहे. निवड झाल्याचा ईमेल म्हणजे केवळ अर्ज करण्याचे निमंत्रण होय. ब्रिटनची सोडत फक्त ४८ तास खुली असते (२०२५ मध्ये ती १८ ते २० फेब्रुवारी आणि २२ ते २४ जुलै या काळात होती) आणि ती बंद झाल्यावर दोन आठवड्यांत निकाल कळवला जातो. बहुतांश जागा फेब्रुवारीत वाटल्या जातात, त्यामुळे ‘आता राहू दे, जुलैत पाहू’ हा हिशेब अंगाशी येऊ शकतो.

निमंत्रण आल्यावर साधारण ९० दिवस मिळतात. या ९० दिवसांत केवळ अर्ज भरून भागत नाही. सर्व शुल्क भरणे आणि बोटांचे ठसे देणे हेही त्याच मुदतीत व्हावे लागते. शेवटच्या आठवड्यात अर्ज करून मग मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात वेळ शोधणाऱ्याला ती मिळेलच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर निवडीनंतर अवघे २८ दिवस असतात. शिवाय तेथे एकाच दिवशी सगळी निवड होईल असे नसते, टप्प्याटप्प्यानेही नावे निघतात. त्यामुळे नोंदणी केल्यावर महिनाभर काही कळले नाही म्हणून ईमेल पाहणे सोडून दिले आणि निवडीचा निरोप स्पॅममध्ये पडून राहिला, तर संधी हातची जाते.

पैसे आणि क्षयरोग चाचणी : खरा वेळ येथे जातो

ब्रिटनसाठी स्वतःच्या खात्यात २,५३० पौंड सलग २८ दिवस असल्याचे दाखवावे लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. निमंत्रण आल्यावर वडिलांकडून किंवा मामाकडून रक्कम मागवली, तर ९० पैकी २८ दिवस तेथेच संपतात. अगदी काठावरची रक्कम ठेवणे हाही धोकाच आहे, कारण रुपयांतील शिल्लक पौंडांत मोजली जाते आणि एखादा दिवस जरी शिल्लक मर्यादेखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शेअरमधील गुंतवणूक येथे उपयोगी पडत नाही.

क्षयरोग चाचणी ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. प्रमाणपत्र एक्स-रेच्या तारखेपासून सहा महिने ग्राह्य धरले जाते. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला आणि थुंकीची कल्चर तपासणी (जंतू वाढतात का, हे पाहणारी चाचणी) करायची वेळ आली, तर निकालाला आठ आठवडे लागू शकतात. पूर्वी क्षयरोग किंवा छातीचा मोठा आजार होऊन गेलेल्यांनी ही चाचणी सर्वांत आधी उरकावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पदवीच्या कागदांबाबतही विद्यापीठाच्या वेळापत्रकावर विसंबू नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल कसे रखडले, हे अनेकांच्या लक्षात असेलच.

नाव आणि वय

आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते, दुसऱ्यावर नसते आणि लग्नानंतर आडनाव बदललेले असेल तर गोंधळ अधिकच वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीसाठी पासपोर्टसोबत पॅन कार्डही लागते, म्हणून दोन्हींवरील नाव व जन्मतारीख जुळते का, हे सोडतीपूर्वीच पाहावे. वयाचा नियम सोडतीच्या दिवसापुरता नसून प्रत्यक्ष अर्ज करताना ३१ वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

अर्ज गेल्यानंतर

तीन आठवडे हा सर्वसाधारण अंदाज आहे, हमी नव्हे. ऑस्ट्रेलियाचे गृहखाते निम्मे आणि ९० टक्के अर्ज किती काळात निकाली निघाले, हे स्वतंत्रपणे दाखवते; नियोजन करताना दुसरा आकडा धरावा. मुदत उलटली की घाबरून दुसरा अर्ज भरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आधी जादा कागदपत्र मागणारा ईमेल आला होता का, ते तपासावे. व्हिसा केंद्र चालवणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या खिडकीवर हुज्जत घालून काही साधत नाही, कारण व्हिसाचा निर्णय ते घेत नाहीत. जलद सेवा उपलब्ध असलीच, तरी ती फक्त निर्णयाचा काळ कमी करते. २८ दिवसांची शिल्लक किंवा थुंकीची तपासणी पैसे भरून लवकर होत नाही.

‘कॅनडाचा वर्किंग हॉलिडे महिन्यात करून देतो’ असे सांगणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवावे, कारण कॅनडाच्या त्या योजनेत भारताचा समावेशच नाही.

ब्रिटनचा अर्ज नामंजूर झाला, तर वर्षाला ७७६ पौंड याप्रमाणे दोन वर्षांसाठी आधीच भरलेला १,५५२ पौंडांचा आरोग्य अधिभार परत मिळतो. अर्जाचे शुल्क मात्र परत मिळत नाही.