पहिली भट्टी नंतर, आधी राखणदार: नव्या देशाने अणुविजेचा रेग्युलेटर कसा उभा करायचा

माझा मावसभाऊ आबुधाबीत असतो, बरीच वर्षं झाली, आणि शिमग्याला गावी आला की रात्री पडवीत बसून आमचा हाच विषय. तो म्हणतो, अण्णा, आमच्याकडे २००८ साली अणुविजेतलं काही म्हणजे काही नव्हतं आणि २०२० ला बराकाच्या अणुवीज केंद्राची पहिली भट्टी लायसन्स घेऊन तयार, आणि आपल्या माडबनच्या सड्यावर, जैतापूर प्रकल्पाच्या जागेवर, अजून नुसतं कुंपण. मी म्हटलं भट्टीचं सोड रे, त्या बारा वर्षांत त्यांनी भट्टीच्या आधी काय बांधलं ते बघ. ते त्याला सांगता सांगता रात्र झाली, म्हणून आता लिहूनच काढतो.

आधीच सांगतो, मी अणुभट्टीत काम केलेलं नाही. लोट्याला नि तारापूरला केमिकल कारखान्यांची सेफ्टी ऑडिट करण्यात आयुष्य गेलं, कागद वाचायची सवय तिथली. तर समजा आपल्यासारखाच किनारा असलेला एक छोटा देश आहे, अणुवीज कधी केलेली नाही, आणि मंत्र्याने तुम्हाला बोलावून सांगितलं की रेग्युलेटर उभा करा, म्हणजे भट्ट्यांसाठी नियम करणारी, लायसन्स देणारी आणि तपासणारी संस्था. काय कराल?

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे व्हिएन्नावाली आयएईए, सांगते की विचार सुरू केल्यापासून वीज येईपर्यंत १० ते १५ वर्षं धरा. त्यांची एक पद्धत आहे, माइलस्टोन्स म्हणतात, त्यात १९ विषय आणि ३ टप्पे. पहिल्या टप्प्याच्या शेवटी देशाला कळलेलं असावं की आपण काय अंगावर घेतोय, दुसऱ्याच्या शेवटी टेंडर काढायची तयारी, तिसऱ्याच्या शेवटी भट्टी चालवायची तयारी. रेग्युलेटरचं काम टेंडरनंतर सुरू होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि घोळ तिथेच होतो. टेंडर निघेपर्यंत रेग्युलेटर कागदावर नाही तर खुर्चीत बसलेला पाहिजे, कारण कुठले नियम लागणार हे विकणाऱ्याला आधी माहीत नसेल तर तो त्याच्या देशातले नियम घेऊन येतो आणि तुम्ही मान डोलावत बसता.

मग कायदा. एकच, स्वतंत्र, आणि वाचून कळेल असा. त्यात एक वाक्य ठळक पाहिजे: लायसन्सशिवाय कोणीही काहीही करायचं नाही, सरकारी कंपनीनेसुद्धा. दुसरं म्हणजे सुरक्षिततेची पहिली जबाबदारी भट्टी चालवणाऱ्याची, रेग्युलेटरची नाही, नाहीतर उद्या काही झालं की कंपनी म्हणणार तुम्हीच तर सही केली होती. आणि रेग्युलेटरला नियम करायचा, कधीही आत शिरून तपासायचा, आणि काम थांबवायचा अधिकार. थांबवायचा अधिकार कायद्यात नसेल तर बाकी सगळं शोभेचं.

आपलंच उदाहरण घ्या. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला, म्हणजे कोकणच्याच वरच्या टोकाला, १९६९ साली सुरू झालं. आणि आपला रेग्युलेटर, एईआरबी, स्थापन झाला १५ नोव्हेंबर १९८३ ला. चौदा वर्षांचं अंतर! मधल्या काळात अणुऊर्जा खात्याच्या आतल्याच समित्या सुरक्षितता बघायच्या. बरं १९८३ ला आला तोही सरकारी आदेशाने, १९६२ च्या कायद्यातलं एक कलम वापरून, स्वतःचा कायदा नाही. रिपोर्ट करायचा अणुऊर्जा आयोगाला, आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा खात्याचा सचिव, आणि भट्ट्या चालवणारी कंपनीपण त्याच खात्याची. कॅगने २०१२ ला यावर बोट ठेवलं. त्याआधी २०११ ला वेगळ्या प्राधिकरणाचं विधेयक संसदेत आलं होतं, ते २०१४ ला लोकसभेबरोबर लॅप्स झालं. २०१५ ला आयएईएची टीम तपासणीला आली, बरंच चांगलं बोलली, पण स्वातंत्र्य कायद्यात लिहा हे त्यांनीपण सांगितलं. शेवटी डिसेंबर २०२५ च्या 'शांती' नावाच्या नव्या अणुऊर्जा कायद्याने एईआरबीला कायद्याचा दर्जा दिला. म्हणजे एकदा आदेशावर चालू केलं की दुरुस्तीला बेचाळीस वर्षं लागतात. तुमच्या नव्या देशाकडे एवढा वेळ आहे का?

मावसभावाच्या एमिरेट्सने, म्हणजे यूएईने, उलट केलं. २००८ ला धोरणाचा कागद काढला, त्यात स्वतःहून सांगून टाकलं की आम्ही युरेनियम समृद्ध करणार नाही आणि वापरलेल्या इंधनावर प्रक्रियापण करणार नाही. २००९ ला कायदा, त्याच कायद्याने रेग्युलेटर, त्याचं नाव एफएएनआर, आणि मग त्याच वर्षी डिसेंबरात कोरियनांशी चार भट्ट्यांचा करार. तुर्कस्तानने मात्र अक्कुयूच्या अणुवीज केंद्राला एप्रिल २०१८ मध्ये पहिलं काँक्रीट ओतलं आणि वेगळा रेग्युलेटर काढला जुलैमध्ये, तोपर्यंत अणुऊर्जेचा प्रचार करणारी नि लायसन्स देणारी संस्था एकच. बांगलादेशचा रेग्युलेटरचा कायदा २०१२ चा, तिथल्या रूपपूरच्या केंद्राचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१७ चं, म्हणजे मधे पाचच वर्षं. पाच वर्षांत माणसं तयार करायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

आता स्वातंत्र्य. हा शब्द सगळे वापरतात, पण तपासायचं कसं? आपल्याकडे गावाचा राखणदार असतो ना, त्याची राखण सगळा गाव मिळून देतो. ज्याच्या बागेचा बांध बघायचा त्या एकट्यानेच कोंबडा दिला तर राखणदार कोणाचा झाला? रेग्युलेटरचंही तसंच. पगाराची फाइल कोणाच्या टेबलावरून जाते ते बघा. अध्यक्षाला काढायचं झालं तर कोण काढू शकतं आणि कशासाठी, ते लिहिलेलं आहे का बघा, नुसतं "सरकारची मर्जी असेपर्यंत" असेल तर उपयोग नाही. फी कंपनीकडून घेतली तरी चालेल, पण ती कायद्याने ठरलेली पाहिजे आणि कंपनीला अडवता येता कामा नये. रिटायर झाल्यावर हीच माणसं त्याच कंपनीत सल्लागार म्हणून जाणार असतील तर मधे काही वर्षांची बंदी घाला.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. एकदा एका कारखान्याचं ऑडिट केलं, फी त्यांची, गाडी त्यांची, दुपारचं सुरमईचं ताट त्यांचं. एका रिलीफ व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे दाब फार वाढला की उघडून तो सोडणाऱ्या झडपेबद्दल, मी कडक लिहिलं होतं. साहेब म्हणाले, ते वाक्य जरा सौम्य करा ना, पुढच्या वर्षीपण तुम्हीच या. मी केलं सौम्य. नशिबाने काही झालं नाही पण ते वाक्य मला अजून पाठ आहे, दोन्ही रूपांत.

जपानचं हेच झालं, फक्त फार मोठ्या मापात. तिथला जुना रेग्युलेटर, नीसा, ज्या मंत्रालयाखाली होता त्याचंच काम अणुऊर्जा वाढवणं हेही होतं. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर संसदेच्या चौकशी समितीने २०१२ ला लिहिलं की रेग्युलेटर कंपनीच्या कह्यात गेला होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नवी वेगळी संस्था काढावी लागली. अमेरिकेने हे १९७४ च्या कायद्याने केलं, वाढवणारे आणि तपासणारे वेगळे काढले.

माणसं हा सगळ्यात अवघड भाग, पैशापेक्षाही. तुमच्याकडे न्यूट्रॉनचं गणित येणारे चारच जण असतील आणि त्या चौघांना कंपनी दुप्पट पगार देणार, हे नक्की. त्यामुळे रेग्युलेटरचा पगार सरकारी ग्रेडमधून बाहेर काढा, पहिल्याच वर्षी, नंतर कोणी करू देत नाही. सुरुवातीला बाहेरची माणसं आणा, लाज वाटून घेऊ नका. एमिरेट्सने पहिला डायरेक्टर जनरल म्हणून विल्यम ट्रॅव्हर्सना आणलं, ते अमेरिकन रेग्युलेटरमध्ये वरच्या पदावर होते. पण बाहेरच्या प्रत्येक माणसाबरोबर आपला एक माणूस बसवा आणि कितव्या वर्षी खुर्ची बदलणार ते करारात लिहा. सही मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या संस्थेची, सल्लागार सल्ला देईल, नकार द्यायचा तर तुम्हालाच द्यायचा आहे. आणि ज्या देशाची भट्टी घेणार तिथल्या रेग्युलेटरकडे आपली पोरं दोन दोन वर्षं पाठवा, तसलीच भट्टी तिथे आधी चालू असेल तर फारच बरं.

नियम किती बारीक लिहायचे यावर लोक तासन्‌तास भांडतात. अमेरिकन पद्धत म्हणजे सगळं बारीक लिहून ठेवायचं, ब्रिटिश पद्धत म्हणजे लक्ष्य सांगायचं आणि कसं गाठणार ते कंपनीने पटवून द्यायचं. ब्रिटिश पद्धत ऐकायला भारी वाटते पण पटतंय की नाही हे ठरवायला अनुभवी डोकी लागतात, म्हणून नव्या देशाने आधी बारीक नियमांनी सुरुवात करावी असं माझं मत.

साइट. इथे मी जरा थांबणार, कारण हे आपल्या अंगणातलं आहे. साइटचा अभ्यास कंपनी करते, पण प्रश्न रेग्युलेटरने विचारायचे असतात. आपल्यासारखा किनारा असेल तर काय विचाराल? भूकंप: कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा धक्का सह्याद्रीच्या पलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. त्सुनामी: १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या समुद्रात भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या, हे आपल्याकडे कोणाला आठवत नाही. वादळ: निसर्ग ३ जून २०२० ला आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. वादळात बाहेरची वीज जाते, आणि भट्टी बंद केली तरी आतली उष्णता निघत राहते, पंप चालूच ठेवावे लागतात, म्हणून डिझेल जनरेटर किती उंचीवर आहेत हा प्रश्न. फुकुशिमाला बहुतेक जनरेटर पाण्याखाली गेले. समुद्राचं पाणी आत घेताना जाळीत मासळी, जेलीफिश, चिखल काय काय येतं, आणि गरम होऊन परत जातं ते कुठे पसरतं, हे माडबनजवळच्या साखरीनाट्याच्या खलाशाला इंजिनियरपेक्षा आधी कळेल, त्याला विचारा.

आणि बेसलाइन. बांधकामाच्या आधी पाणी, माती, मासळी, आंबा, काजू, दूध यातला किरणोत्सर्ग मोजून ठेवा, कारण नैसर्गिक किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो आणि आधीचा आकडा नसेल तर नंतर कोणी काहीही म्हणू शकतं, कंपनीपण आणि विरोधकपण. आपल्याकडे सामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागलेल्या किरणोत्सर्गाचं माप), ती पाळली हे सिद्ध करायचं तर आधीचा आकडा हवाच. मोजणी रेग्युलेटरच्या स्वतःच्या लॅबमध्ये, कंपनीच्या नाही.

आपत्कालीन योजना कागदावर छान असते. आपल्याकडे १६ किलोमीटरच्या परिसरासाठी ती करायची पद्धत आहे. आता मला सांगा, ड्रिल कधी घेतात? जानेवारीत, हवा छान असते तेव्हा. मी रेग्युलेटर असतो तर ड्रिल जुलैमध्ये घेतलं असतं, परशुराम घाटात दरड आलीये, मोबाइलला रेंज नाही, एसटी दोन तास लेट, होड्या सगळ्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आता काढा माणसं बाहेर. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा मदत आत पोचायला काय वेळ लागला ते आठवा. ते जमल्याशिवाय भट्टीत इंधन भरायचं लायसन्स द्यायचं नाही, अशी अट आधीच लिहून ठेवा.

लायसन्स एकदम एकच देऊ नका. साइट, बांधकाम, इंधन भरणं, चालवणं, शेवटी मोडणं, प्रत्येकाचं वेगळं. आणि मधे मधे थांबे ठेवा, जिथे इन्स्पेक्टरने सही केल्याशिवाय पुढचं काँक्रीट पडणार नाही. जैतापूरला ज्या जातीची भट्टी ठरली, ईपीआर, तिची पहिली फिनलंडला ओल्किलुओतोत २००५ ला बांधायला घेतली, २००९ ला वीज यायची होती, रोजची वीज आली २०२३ ला. तिथल्या रेग्युलेटरने पायाच्या काँक्रीटपासून प्रश्न विचारले. फ्रान्समध्ये फ्लामाव्हिलला भट्टीच्या भांड्याच्या पोलादात कार्बन जास्त सापडला, ते २०१५ ला जाहीर झालं, तेव्हा भांडं जागेवर बसून झालेलं. म्हणून फॅक्टरीत इन्स्पेक्टर पाठवायचं बजेट आधी ठेवा, भांडं बोटीने येईपर्यंत थांबू नका. बराकाच्या पहिल्या भट्टीचं बांधकाम २०१८ ला पूर्ण झालं, मोठा समारंभपण झाला, पण चालवायचं लायसन्स मिळालं फेब्रुवारी २०२० ला, कारण चालवणारी माणसं तयार नव्हती. रेग्युलेटर असं थांबवू शकला यातच सगळं आलं.

नुकसानभरपाईचा कायदा, कचरा, भट्टी मोडायचा फंड, आयएईएची तपासणी, आंतरराष्ट्रीय करार, हे सगळं लागतंच, पण त्याचे नमुने तयार मिळतात, वकील करतील. फक्त मोडायच्या फंडाचे पैसे पहिल्या युनिटपासून वेगळ्या खात्यात, सरकारला हात लावता येणार नाही असे.

लोकांशी बोलणं मात्र वकिलावर सोडू नका. रिपोर्ट गावच्या भाषेत, सुनावणीच्या निदान दोन महिने आधी, आणि सुनावणी मासेमारी बंद असते तेव्हा, नाहीतर पुरुष माणसं समुद्रावर आणि मांडवात नुसत्या खुर्च्या. गाऱ्हाणं ऐकून घ्या, प्रत्येकाचं उत्तर लेखी द्या, नकार असला तरी लेखी.

मावसभाऊ म्हणाला, अण्णा हे सगळं ठीक, पण सोमवारी ऑफिस उघडलं तर पहिलं काय करायचं? मी म्हटलं एक आवक-जावक रजिस्टर घे. भट्टी विकणारे पहिल्याच महिन्यात भेटायला येतील, हसत, मिठाई घेऊन. चहा दे, मिठाई परत कर, कोण आलं नि काय बोललं ते लिही, आणि संध्याकाळी वेबसाइटवर टाक.