रेल्वे पुलाची कंपनं: मॉडेलआधीचा हिशेब
पुणे–दौंड मार्गावरच्या एखाद्या साध्या टेकूच्या (दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या) गर्डरचं संगणकावर मॉडेल करताना पहिली वारंवारता (गर्डर आपोआप डोलतो तेव्हाची सर्वात कमी, दर सेकंदाची आंदोलनं) आधी हाताने काढा. वाकण्याविरुद्धच्या ताठरतेला (ई म्हणजे साहित्याचा लवचिकता गुणांक, गुणिले आय म्हणजे छेदाचा जडत्व आघूर्ण) प्रतिमीटर वस्तुमानाने भागून वर्गमूळ घ्या, १.५७ ने गुणा, गाळ्याच्या (दोन टेकूंमधल्या अंतराच्या) लांबीच्या वर्गाने भागा. वस्तुमानात खडी, स्लीपर, रूळ धराच. खडी विसरली की वारंवारता फुगते आणि अनुनादाचा वेग (गाडीच्या ज्या वेगाला पुलाचं डोलणं वाढत जातं तो) चुकतो.

एलएचबी डबे (नव्या धाटणीचे प्रवासी डबे) सुमारे २४ मीटर अंतराने येतात. वारंवारता ५ हर्ट्झ असेल, तर अनुनादाचा एक वेग ५×२४÷४ = ३० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १०८ किमी. या वेगाला डब्यागणिक बरोबर चार आंदोलनं होतात आणि डोलणं साठत जातं. याच्या आसपासचे वेग बारीक टप्प्यांनी तपासा.

मॉडेलमधली कालपायरी (हिशेबाच्या दोन क्षणांतलं अंतर) ०.००१ सेकंद ठेवा. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून अवमंदन (कंपनं विझवणारा परिणाम) वाढवू नका; अनुनाद त्यातच झाकला जातो.