सिडनीत नवीन आलात? पहिला शनिवार हार्बरला, आणि गाडीशिवाय

सिडनीत उतरल्यावर पहिले दोन आठवडे घर, बँक, टॅक्स फाइल नंबर आणि मुलांची शाळा यांतच जातात. त्याबद्दल सांगणारे वेस्टमीडपासून ब्लॅकटाऊनपर्यंतच्या उपनगरांत पन्नास जण भेटतील, आणि पन्नास तऱ्हा सांगतील. मी फक्त एका शनिवारबद्दल सांगणार आहे.

आम्ही चौदा वर्षांपूर्वी आलो आणि पहिले आठ महिने हार्बर, म्हणजे सिडनीचं बंदर, पाहिलाच नाही. घर, ऑफिस, हॅरिस पार्क उपनगरातली किराण्याची दुकानं, पुन्हा घर. आई फोनवर विचारायची, "ते शिंपल्यासारखं काय आहे, ते पाहिलंस का?" मी म्हणायचे, "बघू गं, इथेच तर आहे." दहा-दहा वर्षं इथे राहून पाहुणे आल्याशिवाय तिकडे न फिरकणारी आपली माणसं मला माहीत आहेत. वर "त्यात काय बघायचंय" हेही तेच सांगतात.

तर चालायचं असं: सर्क्युलर की स्टेशन, ऑपेरा हाउस, बोटॅनिक गार्डनमधून पाण्याच्या कडेकडेने मिसेस मॅक्वॉरीज चेअर, तिथून आर्ट गॅलरी, डोमेनची हिरवळ आणि हाइड पार्क. साधारण चार किलोमीटर, बहुतेक सपाट. आणि Quay चा उच्चार 'की' आहे, 'क्वे' नव्हे. मी चार महिने ऑफिसात 'क्वे' म्हणत होते, एकानेही सुधारलं नाही. इथली माणसं सभ्य आहेत, त्याचा तोटा असा.

कुणी दादा-वहिनी प्रेमाने म्हणतील, "चला, आम्ही गाडीतून नेतो." नको म्हणा. सिटीत गाडी नेऊ नका. सासू-सासरे पहिल्यांदा आले तेव्हा एका मंगळवारी आम्ही नेली. पार्किंगच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'अर्ली बर्ड' आणि खाली स्वस्तातला आकडा. सकाळी वेळेत आत शिरलो, खूश. दोन वाजता सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले म्हणून निघालो, तर यंत्राने पूर्ण दिवसाचा दर लावला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तीनच्या आधी बाहेर पडलात तर सवलत नाही. लवकर निघालो म्हणून तिपटीहून जास्त पैसे! सासरे बिचारे घरी पोचेपर्यंत त्याचे रुपये करत बसले. रस्त्यावरच्या पार्किंगच्या पाट्या तर एका खांबावर चार-चार असतात, वार आणि तासांसकट, आणि क्लिअरवेत, म्हणजे ठरावीक तासांत गाडी थांबवायला बंदी असलेल्या रस्त्यावर, उभी केलेली गाडी उचलून नेतात. म्हणून पुन्हा सांगते: गाडी घरी ठेवा.

ट्रेनने जा, गरज पडली तर सेंट्रलला बदला. आदल्या रात्री ट्रेनच्या ॲपवर 'ट्रॅकवर्क' आहे का बघा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि ट्रेनऐवजी बसमध्ये कोंबतात. आपला मेगाब्लॉकच, फक्त घोषणा गोड आवाजात. प्रवासाचं ओपल कार्ड नसलं तरी बँकेचं कार्ड किंवा फोन चालतो, पण चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. कार्ड आणि त्याच कार्डाचा फोन ही मशिनच्या लेखी दोन वेगळी माणसं, आणि दोघांचाही प्रवास अर्धवट धरून जास्तीत जास्त भाडं कापतात. डोंबिवलीत खिशातला पास दाखवून आयुष्य गेलेल्यांना उतरताना टॅप करायची सवय लागायला वेळ लागतो.

सर्क्युलर कीच्या फलाटावरूनच डावीकडे हार्बर ब्रिज हा पूल आणि उजवीकडे ऑपेरा हाउस दिसतं. फोटो नंतर काढा, आधी ऑपेरा हाउसच्या पायऱ्या चढून छपराला हात लागेल इतकं जवळ जा. लांबून पांढरंशुभ्र दिसतं ते जवळून पांढरं नाहीच. काही फरशा चकचकीत, काही सायीच्या रंगाच्या आणि मंद. दहा लाखांहून जास्त आहेत, स्वीडनहून आणलेल्या. डेन्मार्कचा वास्तुविशारद योर्न उट्झॉनने १९५७ साली या इमारतीच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, सरकारशी वाद होऊन १९६६ मध्ये काम सोडलं आणि इमारत पुरी झालेली पाहायला तो कधीच आला नाही. ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि उद्घाटन १९७३ मध्ये झालं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांना उगाच नावं ठेवतो आपण.

चिप्स तिथे उघड्यावर खाऊ नका. सीगल हातातून नेतात.

बागेत शिरलात की पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, वाट चुकायची सोयच नाही. बाग १८१६ सालची, तिकीट नाही. हिरवळीवर चला, झाडांना मिठी मारा, अशा पाट्या आहेत. 'हिरवळीवर चालू नये' वाचत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा ती थट्टा वाटते. खुशाल सतरंजी टाका. ठेपले, दही-भात, दशम्या घरून न्या. कॅफेतली पाच डॉलरची कॉफी ठीक, पण चौघांचं जेवण नको. डबा मात्र झाकून ठेवा. लांब वाकड्या चोचीचा आयबिस नावाचा पांढरा पक्षी इकडेतिकडे बघत जवळ येतो. माझ्या मांडीवरच्या फॉइलमधून त्याने अख्खं थालीपीठ ओढून नेलं होतं, लोणच्यासकट. इथले लोक त्याला 'बिन चिकन' म्हणतात, म्हणजे कचऱ्याच्या डब्यातली कोंबडी.

ऊन. "आम्हाला काय ऊन नवीन आहे?" असं मीही म्हणाले होते आणि चौथ्या दिवशी नाकाची सालं निघाली. उन्हाळा इथे डिसेंबर-जानेवारीत, वाऱ्यामुळे चटका कळतच नाही. टोपी आणि एसपीएफ ५० चं सनस्क्रीन हवंच.

डावीकडून चाला. दुपारी लोक व्यायामासाठी त्या वाटेवर पळत असतात आणि आपण बारा जण वाटभर पसरून, स्पीकरवर मावशीशी बोलत निघतो. पळणारा 'सॉरी' म्हणत बाजूने जातो, पण मनात काय म्हणतो ते मला आता कळतं.

मिसेस मॅक्वॉरीज चेअर म्हणजे गव्हर्नरच्या बायकोसाठी १८१० मध्ये कैद्यांनी खडकात कोरलेलं बसायचं बाक. ती इथे बसून विलायतेहून येणारी जहाजं बघायची म्हणतात. हे गव्हर्नर लाचलन मॅक्वॉरी इथे येण्याआधी आपल्या मुंबईत फौजेत होते आणि त्यांचं पहिलं लग्नही १७९३ साली मुंबईतच झालं. ही दुसरी बायको, एलिझाबेथ. पूल आणि ऑपेरा हाउस एका फोटोत हवे असतील तर इथूनच.

आर्ट गॅलरीत मुख्य प्रवेश फुकट आहे, आणि स्वच्छतागृह चांगलं आहे. हाइड पार्कापाशी सेंट जेम्स स्टेशन.

पण गुडघ्यांनी साथ दिली तर मागे सर्क्युलर कीला या आणि पॅरामाटाला जाणारी फेरी बोट धरा. दीड तास लागतो, ओहोटीला शेवटचा टप्पा कधीकधी बसने करावा लागतो, तरी धरा. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. पार्किंगच्या प्रकरणानंतर दोन आठवडे ते सिटीचं नाव काढत नव्हते. मग एक दिवस फेरीने आणलं. पुलाखालून जाताना उठून रेलिंगला धरून उभे राहिले, मान मागे टाकून. "वेल्डिंग नाही," म्हणाले, "सगळं रिव्हेटवर आहे. कधीचा?" १९३२ चा, मी म्हटलं, साठ लाख रिव्हेट. "साठ लाख," ते म्हणाले, आणि फेरी पुढे निघून गेली तरी मागे वळून बघतच राहिले.