परदेशातून फाउंटन पेनची शाई स्वस्तात आणायची आहे? या चुका टाळा

जपान किंवा जर्मनीचा प्रवास ठरला, की शाईपेनाने लिहिणाऱ्याच्या खरेदीच्या यादीत शाई हमखास असते. भारतात आयात झालेल्या बाटलीवर वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि वितरकाचा नफा असं सगळं चढतं. त्यामुळे तिकडून आणलेली शाई स्वस्तच पडणार, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण पैसे वाया जातात ते ठरावीक जागी, आणि त्या जागा आधी माहीत असल्या तर टाळता येतात.

शाई कुठली आहे ते न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. शाई स्वस्त मिळते ती जिथे बनते त्या देशात. पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या कंपन्यांच्या शाया जपानमध्ये घ्याव्यात. पेलिकन आणि लॅमी जर्मनीत, एर्बां फ्रान्समध्ये आणि लिव्हरपूलची डायमाइन इंग्लंडमध्ये घ्यावी. टोकियोच्या दुकानात पेलिकनची बाटली दिसते आणि बर्लिनमध्ये पायलटची इरोशिझुकू दिसते, पण दोन्हीकडे ती आयात केलेलीच असते आणि आपल्याकडच्यासारखीच चढ्या भावाने विकली जाते. दुबई किंवा बँकॉकला निघाला असाल तर शाईसाठी मुद्दाम वेळ काढू नका. विमानतळावरच्या दुकानांतली शाईही बहुधा भेटवस्तूच्या भावाची असते.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट करा. निघण्यापूर्वी हव्या त्या शाईचा भारतातला भाव लिहून घ्या. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा, नाहीतर ऑनलाइन बघा. हा आकडा हाताशी नसेल तर परदेशातल्या दुकानात सगळंच स्वस्त वाटतं. रोजच्या लिखाणासाठी साधी निळी किंवा काळी शाई हवी असेल, तर ती बाहेरून आणण्यात अर्थ नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्यांपासून सुरू केलेल्या कॅम्लिनची शाई आजही इतक्या कमी भावात मिळते, की त्या किमतीत तिकडे क्वचितच काही हाती लागेल. (कॅम्लिनची मुख्य मालकी २०११ पासून कोकुयो या जपानी कंपनीकडे आहे.) कोलकात्याची सुलेखा आहे, बंगळुरूची ब्रिल आहे. जे रंग आणि जे गुण आपल्याकडे मिळत नाहीत किंवा फार महाग मिळतात, तेवढेच आणावेत.

बाटलीचा भाव बघणं, मिलिलिटरचा न बघणं

जपानमध्ये मन मोहतं ते इथेच. पायलटची इरोशिझुकू मालिका २००७ साली आली. तिची ५० मि.ली.ची जाड बुडाची काचेची बाटली टेबलावर ठेवली तरी देखणी दिसते. बरीच वर्षं तिची छापील किंमत करापूर्वी १५०० येन होती. त्याच पायलटची साधी काळी किंवा निळी-काळी शाई ३५० मि.ली.च्या मोठ्या बाटलीत येते, आणि तिचीही किंमत त्याच काळात करापूर्वी १५०० येनच होती. म्हणजे तेवढ्याच पैशांत सातपट शाई. आजचे भाव दुकानात बघून घ्या, पण तफावत केवढी असू शकते ते यावरून कळेल. साध्या शाईची ३० मि.ली.ची छोटी बाटलीही तिथे नेहमीच्या स्टेशनरीच्या दुकानात अगदी थोडक्यात मिळते. प्रवासात न्यायला मला तीच सगळ्यात शहाणपणाची वाटते.

इरोशिझुकू घेऊ नका असं मी म्हणत नाही. तिचे रंग खरोखर सुंदर आहेत आणि निबेतून ती सुरेख वाहते. फक्त ती घेताना आपण रंगासाठी पैसे देतो आहोत याची जाणीव ठेवा. २० मि.ली.च्या नाजूक बाटल्यांत येणाऱ्या शायांचं गणित आणखी नीट करा. बाटली स्वस्त दिसते, पण मिलिलिटरचा भाव काढला की ती ५० मि.ली.वालीपेक्षा महाग निघू शकते. रंग पसंत पडेल की नाही याची खात्री नसेल तर छोटी बाटली योग्यच आहे. तिथे भाव बघू नका, कारण न आवडलेल्या ५० मि.ली.पेक्षा आवडलेली २० मि.ली. बरी.

आणि किती घ्यायची? नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात बसवायच्या, बाटलीतून शाई ओढून घेणाऱ्या नळीत, साधारण अर्धा ते एक मि.ली. शाई मावते. एका ५० मि.ली.च्या बाटलीत तो पन्नास ते शंभर वेळा भरतो. रोज दोन-तीन पानं लिहिणाऱ्यालाही एक बाटली दीर्घकाळ पुरते. ड्रॉपरने शाई भरायचं पेन असेल तर ती जरा लवकर संपेल, तरीही आठ-दहा बाटल्या घेऊन येण्याची गरज कुणालाच नसते.

दुकान निवडतानाही थोडं थांबा. टोकियोत गिन्झाचं इतोया १९०४ पासूनचं आहे आणि ते पाहायलाच हवं. निहोनबाशीचं मारुझेनही तसंच. पण छापील किमतीवर सूट हवी असेल तर शिंजुकूमधलं सेकाइदो हे चित्रकलेच्या सामानाचं दुकान किंवा योदोबाशी कॅमेरासारखी मोठी दुकानं आधी बघा. आपल्याला कॅमेऱ्याच्या दुकानात शाई शोधायचं सुचत नाही, पण तिथे स्टेशनरीचा विभाग असतो. अपवाद आहे तो फक्त त्या गावातच मिळणाऱ्या रंगांचा. कोबेच्या नागासावा दुकानाने २००७ पासून शहरातल्या एकेका जागेच्या नावाने शाई काढली. असा रंग हवा असेल तर त्याच दुकानातून पूर्ण भावाने घ्यावा, त्यात सवलत शोधू नये.

जर्मनीत शाळकरी मुलं आजही शाईपेनाने लिहितात, त्यामुळे पेलिकन ४००१ ही शाई तिथली रोजची वस्तू आहे. पेनांच्या झगमगीत दुकानात न जाता म्युलरसारख्या साखळी दुकानाच्या शालेय सामानाच्या विभागात जा.

करमाफीच्या मागे धावणं

कर परत मिळतो म्हणून जास्त खरेदी करणं हा तोट्याचा व्यवहार आहे. जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. पर्यटकाला तो माफ होण्यासाठी एका दुकानात एका दिवशी करापूर्वी किमान ५००० येनची खरेदी लागते. समजा १५०० येनच्या तीन बाटल्या घेतल्या, तर ४५०० येन होतात आणि मर्यादा चुकते. चौथी घेतली तर पहिल्या तीन बाटल्यांचा ४५० येन कर वाचेल, पण त्यासाठी चौथीचे १५०० येन मोजावे लागतील. चौथी बाटली मुळातच हवी असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर घरच्यांसाठी घ्यायच्या वह्या, पेन्सिली त्याच दुकानातून त्याच दिवशी आणि एकाच पासपोर्टवर घ्या, मर्यादा आपोआप गाठली जाते. दुकानदाराने माल सीलबंद पिशवीत दिला तर ती पिशवी जपानमध्ये उघडायची नाही, रंग बघायची कितीही घाई झाली तरी. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते आहे. दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना विमानतळावरच्या कस्टमच्या तपासणीनंतर तो परत मिळवायचा.

जर्मनीत मूल्यवर्धित कर १९ टक्के आहे आणि परताव्यासाठी एका दुकानातली खरेदी ५० युरोंच्या वर लागते. फ्रान्समध्ये ही मर्यादा १०० युरोंच्या वर आहे. आता हिशेब बघा. १९ टक्के कर किमतीतच धरलेला असतो, म्हणून छापील किमतीच्या साधारण १६ टक्केच तो भरतो. परतावा देणारी कंपनी त्यातून आपलं शुल्क कापते. दोन बाटल्यांसाठी या रांगेत उभं राहणं परवडत नाही. मोठं पेन घेणार असाल तर शाई त्याच पावतीवर घ्या. ब्रिटनला जाणाऱ्यांनी तर हा विचारच सोडून द्यावा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधून सामान सोबत नेणाऱ्या पर्यटकांना मिळणारा परतावा १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला आहे.

एक चूक शाईच्या बाबतीत खास घडते. कस्टमचा अधिकारी माल दाखवायला सांगू शकतो, आणि मोठ्या बाटल्या तर आपण मोठ्या बॅगेत घालून आधीच विमान कंपनीच्या ताब्यात दिलेल्या असतात. म्हणून करपरताव्याच्या कागदावर कस्टमचा शिक्का आधी घ्या, बॅग नंतर सोपवा.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रुपयांत देणार की येनमध्ये? नेहमी तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूची बँक आपल्या सोयीचा दर लावते.

दिसायला शाई, पण पेनासाठी नाही

ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण तिच्यात शाईबरोबर पेनही जातं. चित्रकारांची काळी शाई, जपानी ब्रशलेखनाची बाटलीबंद शाई म्हणजे बोकुजू, आणि जर्मनीत ‘टुशं’ नावाने मिळणारी शाई यांत डिंक, लाख किंवा तत्सम चिकट द्रव्य असू शकतं. ते निबेखालच्या जिभेच्या बारीक खाचांत वाळून बसतं आणि मग निघत नाही. जर्मनीत ‘टिंटं’ लिहिलेली आणि फाउंटन पेनसाठी म्हणून दिलेलीच बाटली घ्या. जपानमध्ये काचेच्या पेनांची हौस वाढल्यापासून केवळ त्यांच्यासाठीच्या, चमकीच्या शायाही शेजारच्याच फळीवर असतात. दुकानदाराला खिशातलं पेन काढून दाखवा आणि ‘मान्नेनहित्सु?’ (फाउंटन पेन?) एवढंच विचारा, तो मान हलवेल किंवा दुसरी बाटली देईल.

सेलरची किवागुरो किंवा प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक या रंगकणांच्या शाया फाउंटन पेनसाठीच आहेत आणि पाण्याने पुसल्या जात नाहीत. पण त्या भरलेलं पेन महिनाभर पडून राहू देऊ नका. पेलिकन आणि प्लॅटिनमच्या निळ्या-काळ्या शाईत लोहक्षार असतात, तिलाही हाच नियम. सुट्ट्या कार्ट्रिजचा, म्हणजे शाई भरलेल्या तयार नळ्यांचा, खोका स्वस्त दिसला तरी थांबा. पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या तिघांच्या कार्ट्रिज वेगवेगळ्या असतात आणि एकमेकांच्या पेनात बसत नाहीत.

सवलतीच्या टोपलीतली जुनी बाटली उजेडात धरून तिरकी करा. तळाशी गाळ, पृष्ठभागावर साय किंवा आत तंतू दिसले तर ती परत ठेवा.

बॅगेत बाटली फुटणं, गळणं

बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात द्रव पदार्थाची बाटली १०० मि.ली.पर्यंतचीच चालते, आणि मोजतात ती बाटलीची क्षमता, आत उरलेली शाई नव्हे. ५० मि.ली.च्या बाटल्या पारदर्शक पिशवीत घालून सोबत नेता येतात. ३५० मि.ली.ची बाटली मोठ्या बॅगेतच जाणार. मधे विमान बदलायचं असेल तर तिथेही पुन्हा तपासणी होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

विमानातला हवेचा दाब जास्तीत जास्त सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरतो, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ पावणेदोन पट उंचीवरचा. बाटलीत अडकलेली हवा तेव्हा साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि शाईला झाकणाकडे ढकलते. म्हणूनच अर्धी वापरलेली बाटली नव्या भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त गळते. बाटली हॉटेलवर उघडून बघायचा मोह टाळा. झाकण घट्ट करा आणि कडेने इन्सुलेशन टेप ओढून गुंडाळा. उघडलेली असेलच तर तोंडावर क्लिंग फिल्म ठेवून मग झाकण लावा. प्रत्येक बाटली वेगळ्या झिप पिशवीत घाला, पिशवी मोज्यात, आणि ते सगळं कपड्यांच्या मधोमध ठेवा. पेनसुद्धा काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर करून.

तरीही गळलीच, तर कपडे आधी थंड पाण्यात भरपूर खळखळा. गरम पाणी आणि इस्त्री डाग पक्का करतात. पेलिकनची रॉयल ब्लू सहज निघते. रंगकणांची शाई वाळली की कायमचीच.

अमेरिकेतून येणाऱ्या भावंडांकडून नूडलर्सची शाई मागवत असाल तर त्यांना सांगून ठेवा. ती बाटली काठोकाठ भरलेली असते, उघडताना खाली ताट आणि जुना कपडा हवाच.

भारतात उतरताना शाईसाठी वेगळा नियम नाही. ती तुमच्या एकूण शुल्कमुक्त सामानात धरली जाते, तेव्हा चालू मर्यादा निघण्यापूर्वी बघून ठेवा. एकाच रंगाच्या डझनावारी बाटल्या आणल्या तर मात्र त्या विकायला आणल्या का, असा प्रश्न येऊ शकतो.

घरी आल्यावर शाई बिघडल्यासारखी वाटणं

तिकडच्या दुकानात चाचणीच्या गुळगुळीत कागदावर सुरेख दिसलेली शाई इथल्या साध्या वहीवर फुटते आणि मागच्या पानावर उमटते. दोष शाईचा नसतो. जास्त वाहणाऱ्या शाईला सुटा, शोषणारा कागद मानवत नाही. बारीक निबेचं पेन वापरून बघा किंवा कागद बदला. साध्या कागदावरच लिहायचं असेल तर खरेदीच्या वेळीच पेलिकन ४००१ सारखी बेताने वाहणारी शाई घ्या. आपल्याकडच्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) जिभेच्या, ड्रॉपरने भरायच्या पेनांनाही तीच जास्त मानवते. अशी पेनं मुळातच सढळ वाहतात, त्यात इरोशिझुकू भरली तर शाई कमी होत आली की कागदावर थेंब पडू शकतो. पेन निम्म्यावर आलं की पुन्हा भरा, हा त्यावरचा साधा उपाय.

नवी शाई भरण्यापूर्वी पेन साध्या पाण्याने स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र झाल्या तर आम्लता वेगळी असल्यामुळे साका तयार होऊन पेन तुंबू शकतं. तुंबलंच तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात निब रात्रभर बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात, कोकण-गोव्यात तर विशेषच, पेन थेट मोठ्या बाटलीत बुडवून भरू नका. लागेल तेवढी शाई छोट्या कुपीत काढा आणि कुपीत उरलेली बाटलीत परत ओतू नका.