संग्रहालयाला मृत्युपत्राने कलाकृती देताना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटांचा संग्रह लाभला, तशीच आपल्या घरातील चित्रेही जपली जावीत अशी इच्छा असेल, तर ती स्वीकारली जातील का, हे मृत्युपत्र करण्यापूर्वीच संग्रहालयाकडून लेखी घ्यावे. नकार मागाहून कळला तर वारसांची पंचाईत होते. ‘दिवाणखान्यातील चित्र’ एवढेच न लिहिता चित्रकार, माध्यम, लांबी-रुंदी आणि चौकटीमागच्या चिठ्ठीवरील मजकूरही नोंदवावा. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. ‘कायम प्रदर्शनात ठेवावे’ ही अट मात्र, कितीही मनापासून वाटली तरी, घालू नये, कारण कागदावरील जलरंग सततच्या उजेडाने फिके पडतात. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असल्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालील तिची नोंदणी आधीच तपासावी.