लूप अँटेनाने व्हीएलएफ संकेत कसे टिपावेत

पाणबुड्यांशी संपर्क ठेवणारी नौदलांची केंद्रे ३ ते ३० किलोहर्ट्‌झच्या व्हीएलएफ, म्हणजे अतिनिम्न वारंवारतेच्या, पट्ट्यात प्रक्षेपण करतात. तमिळनाडूतील विजयनारायणम येथील भारतीय नौदलाचे केंद्र १८.२, तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील एक्समाउथजवळचे केंद्र १९.८ किलोहर्ट्‌झवर असते. त्यांचे संदेश सांकेतिक असतात. आपण नोंदवायची ती केवळ संकेताची तीव्रता, आणि तिच्यातूनच आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाच्या) सर्वांत खालच्या डी थराची हालचाल घरबसल्या दिसते.

या तरंगांची लांबी पंधरा-सोळा किलोमीटर असल्यामुळे पूर्ण लांबीचा अँटेना उभारणे शक्य नसते. मात्र तारेचे अनेक फेरे घेतलेली चौकट, म्हणजेच लूप अँटेना, तरंगाच्या चुंबकीय घटकाला प्रतिसाद देते आणि तेवढ्यावर काम भागते. सुमारे १४२ सेंटिमीटर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्यांची फुली करून टोकांना खाचा पाडाव्यात, म्हणजे एक मीटर बाजूचा चौकोन मिळतो. त्यावर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणाऱ्या ०.५ मिलिमीटर जाडीच्या इनॅमलचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे ५० फेरे घ्यावेत. तार २०० मीटर लागते. टोकांवरचे इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग देऊ नये, कारण सैल जोड पुढे शोधणे फार कष्टाचे होते.

अशा वेटोळ्याचे इंडक्टन्स सुमारे ९.५ मिलीहेन्री भरते. टोकांना समांतर ६.८ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास अनुनाद, म्हणजे चौकट सर्वाधिक प्रतिसाद देते ती वारंवारता, १९.८ किलोहर्ट्‌झच्या जवळपास, तर ८ नॅनोफॅरडने १८.२ च्या जवळपास येतो; तारेच्या अंगभूत धारकतेमुळे (कपॅसिटन्समुळे) प्रत्यक्षात कपॅसिटर थोडा कमी किमतीचा, म्हणजे कमी नॅनोफॅरडचा, लागतो. येथून संकेत लहान प्रवर्धकाद्वारे (अ‍ॅम्प्लिफायरद्वारे) संगणकाच्या साउंड कार्डला द्यावा. ४८ किलोहर्ट्‌झ नमुनादराचे, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारे, कार्ड तत्त्वतः २४ किलोहर्ट्‌झपर्यंतच पोहोचते, म्हणून ९६ चे कार्ड मिळाल्यास उत्तम. वर्णपट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केंद्राची सरळ, स्थिर रेषा दिसू लागते.

माझ्या मते फेऱ्यांच्या संख्येपेक्षा जागेला अधिक महत्त्व आहे. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर याच पट्ट्यात गोंगाट करतात, त्यामुळे चौकट घरातील वायरिंगपासून दूर, शक्यतो गच्चीवर उभी ठेवावी आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. चौकटीचे प्रतल केंद्राच्या दिशेने असताना संकेत सर्वाधिक येतो, आणि केंद्र प्रतलाला काटकोनात असताना जवळजवळ नाहीसा होतो. पुण्याहून एक्समाउथ आग्नेयेला आहे. गोंगाटाचा स्रोत काटकोनाच्या दिशेत आणता आला, तर संकेत थोडा घटला तरी चालेल. वळिवाचे ढग गडगडू लागताच मात्र अँटेना कार्डापासून सोडवून ठेवावा.

दिशा ठरली की चौकट हलवू नये आणि दर काही सेकंदांनी तीव्रता नोंदवावी. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास आलेख ठळकपणे वळतो, रात्री तो अस्थिर असतो. दिवसा सौरज्वालेचे (सूर्यावरील अचानक स्फोटाचे) क्ष-किरण डी थरावर पडताच काही मिनिटांत तीव्रता एकदम वाढते, किंवा मार्गानुसार घटते, आणि मग सावकाश पूर्वपदाला येते. असे दिसल्यास ती वेळ उपग्रहांनी मोजलेल्या क्ष-किरणांच्या आलेखाशी पडताळून पाहावी.