डॅनिश साइडबोर्ड घासण्याआधी टोक बघा

१९५०-६०च्या दशकांतले डॅनिश साइडबोर्ड (लांब, बुटकी कपाटं) ‘सागवानी’ म्हणून विकतात, पण पुष्कळांवर सागाचं फक्त पातळ विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा थर असतो. सँडिंग मशीनने घासलं की ते उडतं, आणि मग सोपा इलाज उरत नाही.

१. वरच्या फळीचं आखूड टोक उजेडात पाहा. भरीव लाकडाला तिथे बारीक छिद्रं, ठिपके दिसतात. लांब सलग रेषा किंवा चिकटवलेल्या पट्टीचा सांधा दिसला, तर विनियर समजा.
२. दाराच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंवरच्या लाकडाच्या रेषा जुळत नसतील, तरी तेच.
३. विनियर असेल तर मशीन नकोच. जुनं तेलाचं फिनिश असेल, तर ओलसर फडक्याने पुसून, वाळवून, रेषांच्या दिशेने हलक्या हाताने टीक ऑइल लावा.

तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा.